अठरा महिन्यांची जुळी आणि वीस प्रश्नांचा कागद: कोणी काय केले, हे तुम्हाला सांगता येते का?

जोडगोळी

नमस्कार. आमच्या जुळ्या मुली ३४ आठवड्यांच्या असताना जन्मल्या आणि गेल्या आठवड्यात त्यांची १८ महिन्यांची तपासणी झाली. जन्मात चार मिनिटांचे अंतर, म्हणून घरात एक थोरली आणि एक धाकटी ठरली आहे. डॉक्टरांकडे आत जाण्यापूर्वी प्रत्येकीसाठी वीस प्रश्नांचा एकेक कागद भरायला दिला गेला. पहिलाच प्रश्न असा होता की, खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वस्तूकडे तुम्ही बोट दाखवले, तर मूल तिकडे पाहते का? मी दोन्ही कागदांवर ‘हो’ अशी खूण केली आणि मग पेन तसेच हातात राहिले. संध्याकाळी खिडकीतून मी पक्षी दाखवते तेव्हा कोणीतरी नक्कीच पाहते, कोणीतरी आनंदाने ओरडतेही. पण ती थोरली असते की धाकटी, हे मला छातीठोकपणे सांगता आले नसते. दीड वर्ष मी ‘त्या दोघी’ पाहत होते, हे त्या बाकावर बसल्या बसल्या लक्षात आले.

थोरली तेराव्या महिन्यात चालू लागली, धाकटी सोळाव्यात. थोरलीचे पंधरा-सोळा शब्द आहेत, धाकटीचे चार. डॉक्टर म्हणाल्या की काळजीचे तातडीचे कारण दिसत नाही, सहा आठवड्यांनी धाकटीला पुन्हा दाखवा. तोपर्यंत मला अनुभवी पालकांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दोघींची तपासणी एकाच वेळी करावी की वेगवेगळ्या दिवशी? वेळेआधी जन्म झाल्याची सवलत कोणत्या वयापर्यंत धरावी? आणि दोघींतला किती फरक ‘फक्त फरक’ मानावा?

दुपदरी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवाने देतो. आम्ही दोन्ही मुलांना एकाच वेळी नेत असू. एक वजनकाट्यावर रडत असताना दुसरा डॉक्टरांच्या टेबलाखाली असे, आणि मी तिसऱ्याच कोणाच्या तरी बुटाची नाडी सोडवत असे. अशाच एका भेटीत दोघांची वजने एकमेकांच्या नावावर नोंदली गेली. घरी येऊन वाढीचे तक्ते पाहिले तर एकाची रेषा दोन पट्टे खाली घसरलेली आणि दुसऱ्याची वर उसळलेली. आम्ही दोन आठवडे घसरलेल्याला दर तासाला भरवत होतो. पुन्हा वजन केल्यावर उलगडा झाला की कोणीही घसरलेले नव्हते. फक्त कागद बदलले होते. तेव्हापासून एकाची धारिका हिरवी आणि दुसऱ्याची पिवळी आहे, आणि आकडा उच्चारला गेला की मी आधी मुलाचे नाव मोठ्याने म्हणतो आणि मगच लिहू देतो.

रात्रपाळी

दुपदरी यांच्या सूचनेत भर घालते. आमच्या मुली इतक्या सारख्या दिसतात की लसीकरणाच्या दिवशी मी एकीच्या पायाच्या अंगठ्याला नखरंग लावून नेते. परिचारिकेने त्याला हसून घेतले खरे, पण त्या दिवशी एकीला दोनदा आणि दुसरीला एकदाही नाही, असे होण्यापासून आम्ही फार लांब नव्हतो. आणखी एक गोष्ट म्हणजे तापाच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. आमच्या दोघींत दीड किलोचा फरक आहे, त्यामुळे दोघींची मात्राही वेगळी आहे. फ्रिजवर दोन रकाने काढले आहेत: कोणाला, किती आणि किती वाजता. रात्री अडीच वाजता ‘मी दिलं’ आणि ‘मीही दिलं’ असा संवाद एकदा झाला की माणूस आयुष्यभर रकाने काढतो.

निवृत्त_आजोबा

मला या धाग्याचे थोडे आश्चर्य वाटते. मी आणि माझा भाऊ जुळे. आम्हाला कोणी तक्त्यावर मांडले नाही की वीस प्रश्न विचारले नाहीत. मी आधी चाललो, त्याने आधी बोलायला सुरुवात केली, आणि आज सत्तरीत दोघेही गरजेपेक्षा जास्त बोलतो आणि गरजेपेक्षा कमी चालतो. मुले आपल्या गतीने वाढतात. तरुण आईबापांना आकड्यांनी घाबरवून सोडण्यात काय साधते, हे कोणी सांगावे.

पांढरा_डगला

मी बालरोगतज्ज्ञ आहे. येथे कोणत्याही मुलाचे निदान करणार नाही, पण आजोबांना आणि जोडगोळीताईंना एकत्रच उत्तर देतो, कारण दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे.

मुले आपल्या गतीने वाढतात, हे खरेच आहे आणि ती गती मोजलेलीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आढळला. म्हणजे दोन पूर्णपणे निरोगी मुलांत नऊ महिन्यांहून अधिक अंतर पडू शकते. त्याच अभ्यासात सुमारे ४ टक्के मुले हातांवर आणि गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरीही व्यवस्थित चालू लागली. मात्र तो अभ्यास पूर्ण दिवस भरून, एकटीच जन्मलेल्या मुलांवर केलेला होता, हे जुळ्यांच्या पालकांनी ध्यानात ठेवावे. जुळी बहुधा वेळेआधी येतात. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच जन्मतात.

म्हणून सुधारित वय धरायचे असते. ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले, तितके आजच्या वयातून वजा करायचे. ३४ आठवड्यांच्या मुलींसाठी हे सहा आठवडे होतात, म्हणजे अठरा महिन्यांच्या तपासणीच्या दिवशी त्या विकासाच्या दृष्टीने साधारण साडेसोळा महिन्यांच्या होत्या. ही वजाबाकी साधारणपणे दोन वर्षांच्या वयापर्यंत करतात. ती चालणे, बोलणे, वजन, उंची आणि डोक्याचा घेर यांसाठी आहे. लसीकरणाला ती लागू नाही. लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या. वेळेआधी जन्मलेल्या मुलांच्या लसी ‘अजून लहान आहे’ म्हणून लांबवलेल्या मी वारंवार पाहतो, आणि खरे तर याच मुलांना त्यांची गरज अधिक असते.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळतो. प्रश्नावली घाबरवण्यासाठी नसते. जोडगोळीताईंना मिळालेला कागद बहुधा एम-चॅट-आर हा असावा, जो १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत स्वमग्नतेची (ऑटिझमची) शक्यता चाचपण्यासाठी वापरतात. त्यात ० ते २ गुण आले तर धोका कमी समजतात, ३ ते ७ आले तर पालकांना तेच प्रश्न उदाहरणांसह पुन्हा विचारतात, आणि ८ किंवा अधिक आले तर मुलाला थेट पुढच्या मूल्यमापनाला पाठवतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण चाळणीत दोघींचे पीठ एकत्र ओतले, तर काहीच कळणार नाही.

थांबू नये अशी लक्षणेही सांगतो: अठरा महिने होऊनही न चालणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नसणे, आणि कोणत्याही वयात आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणे. या शेवटच्या लक्षणाला सुधारित वयाची सवलत नाही. अठरा महिन्यांनंतरही न चालणाऱ्या मुलग्यांत आम्ही स्नायूंच्या आजारासाठी रक्तातील सीके हा घटकही तपासतो. ती साधी तपासणी आहे आणि कोणी सुचवली तर लगेच घाबरून जाऊ नये.

निवृत्त_आजोबा

डॉक्टरसाहेब, पिठाचा दाखला पटला. एकच शंका. माझ्या नातीच्या वेळी ज्या यादीवर ‘रांगते’ असे लिहिलेले होते, त्या यादीतून आता ते गेले आहे असे ऐकले. मग याद्या तरी खऱ्या कशा मानायच्या?

पांढरा_डगला

तुम्ही बरोबर ऐकले आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये आपली यादी सुधारली. किमान ७५ टक्के मुले ज्या वयापर्यंत करू लागतात, अशाच गोष्टी त्या वयापुढे ठेवल्या, रांगणे वगळले आणि १५ व ३० महिन्यांसाठी नव्या याद्या घातल्या. पूर्वीच्या याद्यांतील कित्येक गोष्टी त्या वयाची जेमतेम निम्मी मुले करत असत, त्यामुळे ‘थांबून पाहू’ हे उत्तर फार सोपे होते. आता यादीतील गोष्ट नसेल, तर प्रश्न विचारणे अधिक रास्त ठरते.

आरसा

हा धागा वाचल्यावर मला लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या मुलांपैकी एक सगळे उजव्या हाताने घेई आणि दुसरा सगळे डाव्या हाताने. नवव्या महिन्यात समोरासमोर बसून ते एकमेकांना खेळणी देत, तेव्हा खरोखर आरशासमोर एकच मूल बसले आहे असे वाटे. घरातील प्रत्येकाने त्याचे कौतुक केले, मी छायाचित्रे काढली. हुबेहूब जुळ्यांत एक उजवा आणि एक डावा असू शकतो, असे मी कुठेतरी वाचले होते, त्यामुळे त्यावर विचार करण्यासारखे काही आहे हेच सुचले नाही.

अकराव्या महिन्यात मी मोठ्या मुलाला लस द्यायला एकट्यालाच घेऊन गेले, कारण धाकट्याला ताप होता. तपासताना डॉक्टरांनी त्याचा डावा हात हळूच धरून ठेवला आणि उजव्या बाजूने चेंडू पुढे केला. त्याने उजवी मूठ उघडलीच नाही. अंग वळवले, रडला, आणि हात सुटताच डाव्याने चेंडू घेतला. एवढ्या लहान वयात मूल एकच हात वापरत असेल, तर ती आवड नसून दुसरा हात कमी चालत असल्याची खूण असू शकते, हे मला त्या दिवशी समजले. पुढील तपासण्यांत त्याच्या उजव्या बाजूला अशक्तपणा असल्याचे निष्पन्न झाले. व्यायामोपचार लगेच सुरू झाले, आज तो साडेतीन वर्षांचा आहे, धावतो, आणि बटण लावताना उजव्या हाताला अजूनही शिव्या देतो.

मी दोष कोणाला देत नाही, स्वतःलाही नाही. पण दुसरा शेजारी बसलेला नसता, तर ते आम्हाला दोन महिने आधी दिसले असते, असे मला वाटते. म्हणून जोडगोळीताई, तपासणी एकाच दिवशी करा, पण खोलीत एका वेळी एकीलाच न्या आणि दुसरीला बाहेर कोणाजवळ तरी ठेवा.

रात्रपाळी

आरसा, तुमचा प्रतिसाद वाचून मी उठून जाऊन दोघींना वेगवेगळे चमचे दिले. दोघींनी दोन्ही हातांनी ते मला फेकून मारले. समाधान झाले.

बोलघेवडी

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे चार शब्दांच्या मुद्द्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

जुळी मुले सरासरीने एकट्या मुलांपेक्षा थोडी उशिरा बोलतात, हे खरे आहे. त्यात वेळेआधी जन्माचा वाटा आहे, पण दुसरे कारण घरातच असते. प्रौढ माणूस एका मुलाशी बोलतो तेव्हा त्याच्या नजरेत पाहून, ते ज्या वस्तूकडे पाहत आहे तिचे नाव घेऊन बोलतो. दोन मुले असली की तेच वाक्य दोघांत वाटले जाते आणि पुष्कळदा त्याचे ‘चला, बसा, नको, पुरे’ असे आदेश होतात. आदेशांतून शब्द शिकणे अवघड असते. जुळ्यांची ‘गुप्त भाषा’ म्हणून जिचे कौतुक होते, तीही बहुतेक वेळा एकमेकांचे बोबडे उच्चार उचलून पक्के झालेले शब्द असतात. ते ऐकायला गोड लागते, पण बाहेरच्या माणसाला समजेल असे बोलणे त्याबरोबर वाढत आहे की नाही, हे पाहावे लागते.

शब्द मोजतानाही जुळ्यांच्या पालकांची एक ठरावीक चूक होते. आई सांगते, ‘त्या पाणी म्हणतात.’ मी विचारते, ‘कोण?’ मग बराच वेळ शांतता असते. शब्द तेव्हाच मोजावा जेव्हा त्या मुलाने तो स्वतःहून, बहिणीने आधी न उच्चारता, योग्य जागी वापरला असेल. पुन्हा पुन्हा एकाच अर्थाने वापरलेला बोबडा उच्चारही शब्दच असतो, त्यामुळे ‘पाणी’ऐवजी ‘पापी’ चालेल. रोज दहा मिनिटे एकेकीला वेगळ्या खोलीत घेऊन बसा आणि तिच्या हातातील वस्तूविषयी बोला. दहा मिनिटे फार वाटली तर आंघोळ वेगवेगळी घाला. तेवढा वेळ आयता मिळतो.

आणि शब्द कमी असतील तर सर्वांत आधी श्रवणचाचणी. जन्माच्या वेळची चाचणी उत्तीर्ण झाली होती, हे उत्तर पुरेसे नाही, कारण सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साठणारा द्रव त्यानंतर येतो. घरात दोन भाषा बोलल्या जातात म्हणून मूल उशिरा बोलते, हेही कारण समजू नका. त्यासाठी कोणतीही भाषा बंद करण्याची गरज नसते.

नवखा_बाप

आमची जुळी अजून सात महिन्यांची आहेत, त्यामुळे मी केवळ टिपणे काढत आहे. एक भाबडा प्रश्न विचारतो. जन्माच्या वेळी एक २.४ किलोचा आणि दुसरा १.८ किलोचा होता. लहान्याने मोठ्याला गाठलेच पाहिजे का? घरी रोज दोघांना शेजारी निजवून तुलना होते.

पांढरा_डगला

गाठलेच पाहिजे असे नाही. जन्मवजनातील फरक मोठ्याच्या वजनाच्या २० टक्के किंवा अधिक असला तर आम्ही त्याला लक्षणीय म्हणतो. तुमच्याकडे तो २५ टक्के आहे, म्हणून लहान्याचा आलेख नियमित काढा. पण त्याला त्याच्याच रेषेवर मोजा. तो तिसऱ्या पर्सेंटाइलवरून (म्हणजे त्याच्या वयाच्या शंभर मुलांत सुमारे तीनच त्याच्याहून हलकी असतात, अशा रेषेवरून) सातत्याने पुढे सरकत असेल, तर तो बरा वाढत आहे. उलट मोठा पन्नासाव्यावरून दहाव्यावर आला, तर तो अजूनही भावापेक्षा जड असेल आणि तरीही त्याचीच काळजी करावी लागेल. शेजारी निजवून हे दिसत नाही.

गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळाच्या शरीरात लोहाचा साठा होतो. वेळेआधी जन्मलेल्यांचा हा साठा कमी असतो, म्हणून लोहाचे औषध आणि हिमोग्लोबिनची तपासणी यांविषयी दोघांसाठी वेगवेगळे विचारा. आणि दोन वर्षांच्या भेटीसाठी एक सूचना आताच देऊन ठेवतो. दोन वर्षांपर्यंत मुलाला आडवे झोपवून लांबी मोजतात आणि त्यानंतर उभे करून उंची. उभ्याने मोजलेले माप सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी येते. त्या दिवशी एक उभा राहिला आणि दुसऱ्याने हट्टाने अंग टाकले, म्हणून एकाला आडवे मोजले, तर दोघांत जो फरक दिसेल तो मुलांचा नसून पद्धतीचा असेल.

दुपदरी

आमच्याकडे दोघांनीही अंग टाकले होते. समानता राखली गेली.

जोडगोळी

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण मधल्या काळात जे घडले ते या धाग्यामुळेच घडले.

आरसा आणि बोलघेवडी यांचे वाचून मी वीस प्रश्नांचा तो कागद पुन्हा काढला आणि एकेकीला वेगळे घेऊन बसले. थोरली आजीबरोबर बाहेर गेली असताना मी धाकटीला खिडकीपाशी उभे केले आणि समोरच्या फांदीकडे बोट दाखवले. तिने लगेच पाहिले, मान वळवून माझ्याकडे पाहिले, पुन्हा फांदीकडे पाहिले. त्यामुळे त्या प्रश्नाची चिंता मिटली. मग ती पाठमोरी खेळत असताना मी मागून तिचे नाव नेहमीच्या आवाजात घेतले. ती वळली नाही. तीनदा घेतले, तरी वळली नाही. मी जमिनीवर पाऊल आपटले तेव्हा वळून हसली. संध्याकाळी थोरली परत आल्यावर तेच पुन्हा केले. नाव घेताच थोरलीने मान वळवली, आणि तिने वळवली म्हणून धाकटीनेही वळवली. दीड वर्ष मी जे ‘हाकेला ओ देतात’ असे सांगत होते, त्यातील एक ओ उसनी होती.

दुसऱ्या दिवशीच भेटीची वेळ घेतली. टिम्पॅनोमेट्री नावाच्या चाचणीत दोन्ही कानांच्या पडद्यांची हालचाल कमी आढळली. पडद्यामागे द्रव साठला आहे, ऐकू येते पण पाण्याखाली बुडी मारल्यासारखे. हा द्रव पुष्कळदा आपोआप ओसरतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी आणि तोवर समोर बसून, तिचा चेहरा पाहून बोलायचे, असे ठरले आहे. आंघोळी वेगळ्या केल्यापासून तिचे चाराचे सात शब्द झाले आहेत. सातवा शब्द थोरलीचे नाव आहे, अर्थात बोबडे.

निवृत्त आजोबा, तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा.

निवृत्त_आजोबा

सांगितला. त्याने ‘काय?’ असे विचारले. आता त्याच्याच कानांची तपासणी करून घ्यावी म्हणतो.

बोलघेवडी

जोडगोळीताई, तुम्ही पाठमोरे उभे करून हाक मारलीत, हे फार चांगले केलेत. एक विचारते. दोघींना सर्दी एकाच वेळी होत असणार. थोरलीच्या कानांची तपासणी झाली का?

जोडगोळी

नाही झाली. ती बोलते, म्हणून तिचा विचारच मनात आला नाही. उद्या सकाळी दवाखाना उघडताच तिच्यासाठी वेळ घेते.